समुद्रातला किडा आणि टपरीवरचं पिपरमिंट

बदलापुरात राहून समुद्री प्राण्यांवर काम करते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे बारवी धरणात?" गेली कित्येक वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे आणि दर वेळी मला तितकाच राग येतो. समुद्रावर काम करायला समुद्राला खेटून राहावं लागतं असं कुणी सांगितलं? चंद्रावर काम करणारे काय चंद्रावर राहतात? असं मी फटकन बोलून जाते आणि बदलापूरच्या शिरगावातल्या आमच्या सोसायटीत 'बाईंची जीभ जरा तिखट आहे' ही बातमी आणखी एका घरात पोचते. पोचू दे.

माझा प्राणी दिसायला काही खास नाही, हे मी आधीच कबूल करते. बोटाएवढा, मातकट रंगाचा, ना पाय, ना पंख. गांडुळाच्या अंगावर निदान वलयं असतात, याला तीही नाहीत. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूत, खडकाच्या फटीत, कधी एखाद्या मेलेल्या गोगलगाईच्या शंखात बिऱ्हाड थाटून असतो. इंग्रजीत त्याला शेंगदाण्याच्या नावाने ओळखतात, कारण धक्का लागला की तो अंग आखडून दाण्यासारखा गोळा होतो. मराठीत त्याला नावच नाही. किनाऱ्यावरच्या कोळणींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "किडाच तो, त्याला कसलं नाव ठेवतेस?" खायचा नाही, विकायचा नाही, देखणा नाही. कासवं, डॉल्फिन आणि प्रवाळ यांच्यामागे हौशी माणसांची रांग असते. याच्यामागे आपल्या किनाऱ्यावर त्या काळात, माझ्या माहितीत तरी, मी एकटी होते.

आणि तरी तो काय प्राणी आहे म्हणून सांगू! त्याच्या अंगाचा पुढचा भाग म्हणजे एक लांब, बारीक सोंड. शर्टाची बाही आतून धरून उलटी ओढावी तशी तो ही सोंड पोटात ओढून घेतो आणि मनात आलं की पुन्हा उलगडत बाहेर काढतो. टोकाला तोंड, तोंडाभोवती इवल्याशा मिशा. वाळू गिळायची, त्यातलं खाण्याजोगं ठेवून घ्यायचं आणि उरलेली वाळू बाहेर टाकायची, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. बाहेर टाकायची वाट मात्र शेपटीकडे नाही, पाठीवर पुढच्या बाजूला आहे. आतडं मागपर्यंत जातं आणि दोरीसारखा पीळ घेत पुन्हा पुढे येतं. एका तोंडाच्या बिळात राहायचं तर घाण दाराबाहेर गेली पाहिजे, एवढी अक्कल त्याला आहे. वालधुनी नदीच्या काठावर वाढलेल्या आम्हा माणसांना ती अजून यायची आहे.

माझी पीएचडी उल्हासनगरच्या एका कॉलेजातून चालली होती. तेव्हा आम्ही विठ्ठलवाडीला दोन खोल्यांत राहायचो. बाबांची पानाची टपरी एसटी डेपोच्या जवळ. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खूप आत जाते, म्हणून दर पंधरवड्याला मी डेपोतून एसटी धरायची, पनवेलला बदलायची आणि रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात जायची. सकाळच्या ओहोटीत गुडघाभर चिखलात वाळू खणायची, चाळायची आणि समुद्राच्या पाण्यासकट किडे डब्यात घालून परत यायचं. कंडक्टर डब्याकडे बोट करून विचारायचा, "मासळी का ताई? वास मारेल हां." डबा घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची म्हणून आईने तर फ्रिजला कुलूप लावायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

अडचण एकच होती, पण ती मुळावर आलेली होती. या प्राण्याची जात ओळखायची तर सोंडेवरच्या हुकासारख्या आकड्या बघाव्या लागतात. भिंगाखालीच दिसतील एवढ्या बारीक, कुठल्या जातीत ओळीने, कुठल्या जातीत विखुरलेल्या. आणि बाटलीत भरून ठेवण्यासाठी स्पिरिटमध्ये टाकलं की हा पठ्ठ्या घाबरून सोंड जी आत ओढतो ती कायमची. मग हातात उरतो तो शेंगदाणा. त्याला आधी भूल द्यावी लागते. कॉलेजात मॅग्नेशियमचा क्षार होता, मी पुस्तकात बघून तो वापरला. किडे सैल पडायचे, मला वाटायचं जमलं, आणि स्पिरिटचा पहिला थेंब लागताच सोंड आत. पुस्तकात दुसरा उपाय होता मेंथॉलचा. कॉलेजने ते मागवलं होतं आणि पुरवठादार दर सोमवारी "मॅडम, पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणत होता.

दीड वर्ष असं गेलं. कपाटात शेंगदाण्यांच्या बाटल्यांची रांग लागली. मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, स्वभावाने चांगल्या होत्या पण लाडावणाऱ्या नव्हत्या. एक दिवस त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या आत मला पूर्ण सोंड बाहेर असलेले नमुने हवेत. नाही जमलं तर विषय बदलू. खेकड्यांवर कर. खेकडे आखडत नाहीत."

खेकड्यांशी माझं वैर नाही. पण त्या बाटल्यांमधला एक किडा आपल्या किनाऱ्यावर आजवर कुणी नोंदलेला नाही, असा मला दाट संशय होता. त्याच्या सोंडेची जेवढी कड बाहेर राहिली होती तेवढ्यावरून मी हे बोलत होते, आणि कडेवरून जात ठरत नाही. विषय बदलला असता तर तो किडा पुन्हा कुणी नाव न घेता तसाच वाळूत पडून राहिला असता आणि माझं दीड वर्ष पाण्यात गेलं असतं.

त्यानंतरच्या फेरीतून परत आले ती थेट टपरीवर. डबा फळीवर आपटला.

बाबा पानाला कात लावत होते. "काय गं, तोंड एवढंसं का?"

"काही नाही."

"काही नाही तर डबा का आपटला? फळी माझी आहे." त्यांनी झाकण उचलून आत बघितलं. "हेच का ते आखडणारे?"

मग मी सगळं ओकले. मॅग्नेशियम, स्पिरिट, खेकडे, पुढच्या आठवड्यात नक्की म्हणणारा पुरवठादार. बाबा गिऱ्हाइकाला पान देत देत ऐकत होते.

"ते जे मागवलंय, ते असतं कसं दिसायला?" त्यांनी विचारलं.

"पांढरे खडे असतात. काचेच्या सुयांसारखे. पुदिन्यासारखा वास येतो. जिभेला लागलं तर..."

बोलता बोलता मी थांबले. बाबांनी फळीखालून एक चपटी डबी काढून माझ्या नाकासमोर उघडली होती. लहानपणापासून रोज बघितलेली डबी. आत पिपरमिंट, म्हणजे मेंथॉलच, मसाला पानात थंडाव्यासाठी घालतात ते. बाबा ते उल्हासनगरच्या बाजारातल्या एका सिंधी सेठकडून आणायचे.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बाबा म्हणाले. "शिकलेली माणसं!"

मी तिथल्या तिथे वाटीत समुद्राचं पाणी घेतलं, एक किडा सोडला आणि चिमूटभर खडे टाकायला गेले. बाबांनी माझा हात धरला. "एवढं? पानात एवढं घातलं तर गिऱ्हाइकाला ठसका लागेल आणि तो चार शिव्या देऊन जाईल. आधी नुसतं गार वाटलं पाहिजे. सुन्न मागाहून." त्यांनी चुन्याच्या काडीसारखी एक कोरडी काडी घेतली, तिच्या टोकावर मावेल एवढेच खडे उचलले आणि पाण्यावर शिंपडले. वाटीवर पानांचं ओलं फडकं झाकलं. मधे दोन एसट्या आल्या, गर्दी झाली, ओसरली. त्यांनी आणखी एक काडी टाकली. पुन्हा थांबले. माझा जीव वरखाली होत होता आणि ते निवांतपणे सुपारी कातरत होते.

तीन तासांनी फडकं काढलं तेव्हा किडा तळाशी लांबलचक पसरला होता आणि सोंड पूर्ण बाहेर होती, अगदी टोकाच्या मिशांसकट. मी सुईने हात लावला. हलला नाही. पिशवीतल्या बाटलीतून स्पिरिट थेंबाथेंबाने सोडलं. सोंड बाहेरच राहिली. मी एवढ्या जोरात ओरडले की डेपोतला वॉचमन धावत आला.

मी चूक कुठे करत होते ते तेव्हा कळलं. मी घाई करत होते. प्राण्याला एकदम भरपूर औषध मिळालं की त्याला धोका कळतो आणि तो अंग चोरतो. थोडं थोडं मिळालं तर कळायच्या आत सुन्न होतो. पुस्तकात हे एका ओळीत असेलही, पण बाबांना ते पानाच्या गिऱ्हाइकांनी शिकवलं होतं.

दिवाळीच्या आत मी मॅडमना सोळा नमुने दिले. आकड्या स्वच्छ दिसत होत्या. तो एक किडा खरंच या किनाऱ्यावर नोंद नसलेला निघाला. मॅडमनी भिंगातून डोळा वर केला आणि इतकंच म्हणाल्या, "खेकडे राहू देत."

बाबांचा आनंद मात्र टपरीत मावेना. त्यांनी माझ्याकडून एक आखडलेला, टाकाऊ नमुना मागून घेतला आणि बाटली गुलकंदाच्या बरणीशेजारी ठेवली. ड्रायव्हर-कंडक्टर पानाला थांबले की विचारायचे, "काय रे मामा, गांडूळ विकायला काढलंस का?"

"गांडूळ तुझ्या गावाला. हा समंदरचा आहे. आख्ख्या दर्यावर याच्यामागे एकच बाई आहे, माझी पोरगी. आतडं बघ त्याचं, पाठीतून बाहेर." आणि पुढचा सगळा पाठ. निम्मा बरोबर असायचा. मी लाजून दुसऱ्या रस्त्याने घरी जायची.

लाज हा शब्द मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण प्रबंध लिहायला बसले तेव्हा तिने माझा हात धरला. पद्धतीच्या प्रकरणात लिहायचं होतं की भूल कशाने दिली. दरम्यान कॉलेजची मेंथॉलची बाटली एकदाची आली होती, काम संपल्यावर, वरातीमागून घोडं. लेबल छान इंग्रजी, दर्जा प्रयोगशाळेचा. पानवाल्याचं पिपरमिंट असं लिहिलं तर बाहेरचे परीक्षक हसतील, मी मनाशी म्हटलं. आणि मी त्या बाटलीवरचं नाव आणि दर्जा जसाच्या तसा उतरवला. मॅडमनाही सांगितलं नाही. एका ओळीचं तर खोटं, कोण विचारतंय?

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाबांनी टपरी बंद ठेवली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते सभागृहात शेवटच्या रांगेत बसले. परीक्षक गोव्याकडचे, वयस्क, मराठी बोलणारे. सकाळी त्यांनी प्रयोगशाळा फिरून बघितली होती. माझं बोलणं झालं, चित्रं दाखवून झाली, टाळ्याही पडल्या. मग या परीक्षक सरांनी प्रबंध उघडला.

"इथे लिहिलंय की भूल या मेंथॉलने दिली. ती बाटली मी सकाळी कपाटात बघितली. तिचं सील फोडलेलंच नाही." ते शांतपणे बोलत होते. "मग हे नमुने तयार कसे झाले? की नमुने दुसऱ्या कुणाचे आहेत?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की त्यांनाही तोच प्रश्न पडला आहे. चार वर्षांचं काम, तो नवा किडा, सगळं एका सीलबंद बाटलीवर अडलं. एखादी थाप मारता आली असती. दुसरी बाटली होती, संपली, टाकून दिली. माझ्या जिभेवर ती आलीसुद्धा. पण शेवटच्या रांगेत बाबा पुढे वाकून ऐकत होते, आणि इंग्रजी प्रबंधात काय लिहिलंय ते त्यांना आत्ता, मराठीत, पहिल्यांदा कळत होतं.

"नमुने माझेच आहेत सर," मी म्हटलं. "प्रबंधातली ती ओळ खोटी आहे. भूल पिपरमिंटने दिली. माझ्या वडिलांची विठ्ठलवाडीला पानाची टपरी आहे, तिथलं. किती घालायचं, किती थांबायचं, हेही त्यांनीच ठरवलं. ते मागे बसलेत."

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी मागे बघितलं. "किती घालता?"

बाबा उभे राहिले. "काडीच्या टोकावर मावेल तेवढं, साहेब."

"म्हणजे नेमकं किती?"

"नेमकंच असतं, साहेब. दाखवू?"

परीक्षा तिथेच थांबवून आम्ही सगळे प्रयोगशाळेत गेलो. बाबा रिक्षा करून टपरीवरून डबी आणि काडी घेऊन आले. सरांनी त्यांना तराजूपाशी बसवलं, तो काचेच्या पेटीतला, फुंकर मारली तरी आकडा हलणारा. बाबांनी काडीच्या टोकावर खडे उचलून कागदावर ठेवले. सरांनी आकडा लिहून घेतला. "पुन्हा." बाबांनी पुन्हा उचलले. असं सरांनी दहा वेळा करायला लावलं. दहाही आकडे जवळपास तेच, फरक पडला तर अगदी शेवटच्या घरात. मॅडम हळूच म्हणाल्या, "आमच्या मुलांना हे चमच्याने जमत नाही." मला त्या क्षणी वाटलं की छाती फुटेल, आणि त्याच क्षणी आपण काय केलंय याने मान वर होईना.

प्रयोगशाळेतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, वाळूत, मागच्या फेरीचे चार जिवंत किडे होते. त्यांतला एक बशीत घेतला. बाबांनी पहिली काडी शिंपडली आणि फडकं झाकलं. सगळे जेवायला गेले. बाबा गेले नाहीत. मीही नाही. आम्ही बशीच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि ते माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हते. ठरल्या वेळी दुसरी काडी, मग तिसरी.

तीन तास झाल्यावर सर परत आले तेव्हा त्यांनी स्वतः फडकं उचललं. सोंड पूर्ण बाहेर होती. त्यांनी सुई लावून बघितली, मग स्वतःच्या हाताने स्पिरिट सोडलं. पहिला थेंब पडला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सोंड होती तिथेच होती. सरांनी ती भिंगाखाली घेतली आणि कितीतरी वेळ आकड्यांच्या ओळी बघत राहिले.

"नमुने तुमचेच आहेत," ते शेवटी म्हणाले. "जातही तुम्ही म्हणता तीच आहे. पण ते पान बदलून आणल्याशिवाय मी सही करणार नाही. खरं लिहा, आणि मात्रेसकट लिहा. तुमच्या प्रबंधातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट तुम्ही लपवून ठेवली होतीत."

परतताना रिक्षात बाबा बाहेर बघत बसले होते. विठ्ठलवाडी जवळ आली तेव्हा म्हणाले, "लाज वाटली होय गं?"

"वाटली," मी म्हटलं.

"माझं पिपरमिंट चाललं आणि मी नाही चाललो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडले मी, रिक्षावाला आरशातून बघत होता तरी रडले. बाबांनी समजूत घातली नाही. रिक्षा थांबल्यावर एवढंच म्हणाले, "नीट लिही आता."

त्या पानावर मी दोन दिवस घालवले. आख्खं प्रकरण मी तेवढ्या वेळात लिहिलं होतं. सरांची सही झाली, आणि त्या संध्याकाळी मी बदललेलं पान घेऊन टपरीवर गेले. गिऱ्हाइकं होती, डेपोतले दोघे-तिघे उभे होते. बाबांनी हात पुसून पान घेतलं, उलटं-सुलटं बघितलं आणि परत माझ्याकडे दिलं. "मराठीत वाच."

मी हळू आवाजात वाचलं, "या प्राण्यांना भूल देण्यासाठी वापरलेलं मेंथॉल लेखिकेच्या वडिलांच्या विठ्ठलवाडी येथील पानाच्या टपरीवरून घेतलं. मात्रा आणि पद्धत त्यांची आहे."

"ऐकू नाही आलं."

मी जरा मोठ्याने वाचलं. कंडक्टर सुट्टे मोजायचा थांबला.

"अजून एकदा. ह्याला कमी ऐकू येतं," बाबा ड्रायव्हरकडे बोट दाखवून म्हणाले. त्याला चांगलं ऐकू येत होतं. मी तिसऱ्यांदा वाचलं. बाबांनी मान हलवली आणि वळून एका पानाला चुना लावायला घेतला.

तेवढ्यात पनवेलहून एसटी आली आणि माणसं उतरून टपरीपाशी थांबली. त्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यांनी काही विचारलंही नव्हतं. चौथ्यांदा मी माझी मीच वाचलं.